‘दुर्गेशनंदिनी’, १८७३ : अभिवाचनाच्या तयारीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

संहितेचं काम आजपासून माझ्याकडे आलं. विषय ठरला आहे. बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांची ‘दुर्गेशनंदिनी’ ही १८६५ची ऐतिहासिक कादंबरी, तिच्यावरून कलकत्त्याच्या बेंगॉल थिएटरनं डिसेंबर १८७३मध्ये केलेलं नाटक, आणि ते नाटक उभं करणारी माणसं. दीड तासाचं मराठी अभिवाचन. पाच वाचक आणि पेटीला काका. कादंबरीतले प्रवेश मी मूळ बंगालीवरून मराठीत बांधायचे, आणि मधल्या जागांत सूत्रधारानं त्या काळचं कलकत्ता सांगायचं.

ताईंनी बैठक सुरू होताच विचारलं, “पुण्यातल्या प्रेक्षकानं हे का ऐकावं?” दिग्दर्शिकेनं हा प्रश्न विचारायलाच हवा. मी म्हटलं, १८७३मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ अजून सात वर्षं दूर होतं. ते आलं तेव्हा त्यातल्या स्त्रिया पुरुषच होते, आणि भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत आपल्या संगीत रंगभूमीची नायिका पुरुषच राहिला. त्या काळात कलकत्त्यात चार बायका तिकीट लावून होणाऱ्या नाटकात उभ्या राहिल्या. त्यांना ते कसं जमलं आणि त्याची त्यांनी काय किंमत दिली, हे आपल्या प्रेक्षकाला परकं वाटणार नाही. ताई म्हणाल्या, “मग तेच लिही. बाकी सगळं त्याच्या मागे येऊ दे.”

२४ नोव्हेंबर

सूत्रधाराचा पहिला तुकडा लिहिला.

बीडन स्ट्रीटवर, छातूबाबूंच्या वाड्यासमोरच्या जागेत, त्यांचे नातू शरच्चंद्र घोष यांनी हे थिएटर उभं केलं. १६ ऑगस्ट १८७३ला मायकेल मधुसूदन दत्तांच्या ‘शर्मिष्ठा’नं पडदा उघडला. मधुसूदन स्वतः ते पाहायला नव्हते, जूनअखेरीस ते गेले होते. स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली पाहिजेत, हा आग्रह त्यांचा. थिएटरच्या सल्लागार मंडळात ईश्वरचंद्र विद्यासागरही होते. वेश्यावस्तीतून नटी आणायचं ठरलं तेव्हा ते बाहेर पडले. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेला माणूस इथे थांबला. याचा निवाडा सूत्रधार करणार नाही, नुसतं सांगेल. ऐकणाऱ्याला जे वाटायचं ते वाटू दे.

गोलाप, एलोकेशी, जगत्तारिणी, श्यामा. पहिल्या चौघी या.

याआधी स्त्रिया रंगमंचावर आल्याच नव्हत्या असं नाही. लेबेदेफ या रशियन माणसानं १७९५मध्ये कलकत्त्यात बंगाली नाटक केलं त्यात होत्या, आणि १८३५मध्ये नवीनचंद्र बसूंच्या घरच्या ‘विद्यासुंदर’मध्येही होत्या. पण ते एकेकटे प्रसंग होते. आठवड्यामागून आठवडा तिकिटं विकून चालणाऱ्या थिएटरात पगारावर नटी ठेवणं बेंगॉल थिएटरपासून सुरू झालं. तिथून पुढे बंगाली रंगभूमी मागे फिरली नाही.

१ डिसेंबर

कादंबरीचे प्रवेश पाडले. वाचनात ठेवण्याजोगे असे निघाले : शैलेश्वराच्या देवळातली जगतसिंह आणि तिलोत्तमेची वादळी भेट, मांदारण गडाचा पाडाव, तिलोत्तमेचा बाप आणि गडाचा धनी वीरेंद्रसिंह याचा वध, त्याची बायको विमला हिचा सूड, कैदखाना, पठाणांचा उस्मान आणि जगतसिंहाचं द्वंद्व, शेवटचं लग्न. गजपती विद्यादिग्गज या विनोदी ब्राह्मणाचे प्रवेश मी काढले. काकांना ते पटलं नाही. “अरे, लोकांना हसायला नको का?” त्यांचं म्हणणं चूक नाही, त्या काळच्या प्रेक्षकाला विद्यादिग्गज लागलाच असणार. पण दीड तासात त्याला जागा नाही.

आज इतिहास आणि कादंबरी शेजारीशेजारी ठेवून वाचली, त्यातून संहितेला खरा कणा मिळाला. १५९०मध्ये मुघल सेनापती मानसिंहानं आपला मुलगा जगतसिंह याला ओरिसाच्या पठाण कतलू खानावर पाठवलं. जगतसिंहाचा सपशेल पराभव झाला आणि विष्णुपूरच्या हंबीरानं त्याला वाचवून नेलं. थोड्याच दिवसांत कतलू खान आजारपणात वारला आणि त्याच्या वजिरानं, ख्वाजा ईसानं, मुघलांशी तह केला. म्हणजे प्रत्यक्षात युद्ध एका मृत्यूनं संपलं आणि त्या मृत्यूत कोणाचाच हात नव्हता.

बंकिमचंद्रांनी तिथे विमला उभी केली. नवऱ्याचा शिरच्छेद तिनं डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो आपला नवरा आहे हेही तिला आयुष्यभर जगापासून लपवावं लागलं आहे. कतलू खानाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत ती नाचते, त्याला दारू पाजते, जवळ जाते आणि कट्यार खुपसते. ज्या जागी इतिहासात नुसती तारीख होती तिथे कादंबरीकारानं एका बाईचा हात ठेवला, आणि आठ वर्षांनी थिएटरात तो हात खरोखरच बाईचा होता. सूत्रधारानं ठासून सांगायला हवं ते हेच.

‘दुर्गेशनंदिनी’वर ‘आयव्हॅनहो’ या इंग्रजी कादंबरीची छाप असल्याची चर्चा तेव्हापासून आहे. आपण ती कादंबरी वाचलीच नव्हती, असं बंकिमचंद्र सांगत. मी ही चर्चा संहितेत घेत नाही. रंगमंचावर तिचा काही उपयोग नाही.

६ डिसेंबर

घोड्याचा विषय निघाला. निघणारच होता.

शरच्चंद्र घोष पट्टीचे घोडेस्वार होते. जगतसिंह तेच करत आणि खऱ्या घोड्यावर बसून रंगमंचावर येत. बंगाली रंगभूमीच्या कुठल्याही इतिहासात हा घोडा सापडतोच. आमच्यातला उस्मान वाचणारा मुलगा म्हणाला, “ताई, करवंट्यांचा टापांचा आवाज काढू या.” ताईंनी नुसतं बघितलं. करवंट्या वाजल्या की लोक हसणार, आणि इथे हसू नको आहे.

एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कादंबरी घोड्यापासूनच सुरू होते : विष्णुपुराहून मांदारणच्या वाटेवर एकटा स्वार, सूर्य बुडतोय, वादळ अंगावर येतंय. तेव्हा घोडा आणण्यामागे नुसता चमत्कार दाखवण्याची हौस नव्हती. शिवाय तो घोडा कोणासमोर येत होता हेही पाहायला हवं. मेकॉलेनं १८४१मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरच्या निबंधात बंगाली माणसाला दुबळा आणि बायकी ठरवलं होतं. ते मत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक बाबूच्या कानावर होतं, शाळेत आणि कचेरीतही. कलकत्त्याच्या एका मोठ्या घरातला तरुण तलवार लावून घोड्यावर बसतो आणि खुर्च्यांत बसलेले कारकून, वकील, विद्यार्थी त्याच्याकडे मान वर करून बघतात, तेव्हा त्यांना मेकॉले आठवला नसेल असं मला वाटत नाही.

ठरलं ते असं. टापांचा आवाज नाही. काका पेटी बाजूला ठेवून पखवाजावर एक सरळ ठेका धरतील, सूत्रधार शरच्चंद्रांचं नाव घेईल आणि मेकॉलेचं एक वाक्य सांगेल. मग जगतसिंह बोलेल.

१५ डिसेंबर

१८७३च्या डिसेंबरात खुद्द बंकिमचंद्र कुठे होते? बहरमपूरला, सरकारी नोकरीत, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्याच महिन्यात ते पालखीतून घरी जात असताना वाट एका मैदानावरून गेली, आणि तिथे गोरे लोक क्रिकेट खेळत होते. कर्नल डफिननं पालखी अडवली आणि त्यांना धक्काबुक्की केली. बंकिमचंद्र कोर्टात गेले. जानेवारी १८७४मध्ये डफिनला भर कोर्टात माफी मागावी लागली.

ज्या दिवसांत कलकत्त्यात त्यांचा जगतसिंह घोड्यावरून येत होता, त्या दिवसांत लेखकाला स्वतःच्या देशातल्या मैदानावरून पालखी नेता येत नव्हती. हे वाचल्यापासून मला राहवत नाही. संहितेत घालायचंच. ताई म्हणाल्या, “घाल, पण दोन वाक्यांत. भाष्य नको.” मी चार वाक्यांत बसवलं.

२० डिसेंबर

मांदारणच्या पाडावाचा प्रवेश उभा राहत नाही. विमला पहाऱ्यावरून उस्मानच्या हाती लागते आणि तिच्याजवळच्या किल्लीनं शत्रू आत शिरतो. कादंबरीत हे वाचताना श्वास रोखला जातो, मोठ्यानं वाचलं की लांबतं. निवेदन अर्धं केलं, किल्ली ठेवली.

३१ डिसेंबर

कलकत्त्याहून बातमी. हातीबागानच्या स्टार थिएटरला बिनोदिनी दासी या जुन्या काळच्या नटीचं नाव देण्याची घोषणा काल मुख्यमंत्र्यांनी केली.

आमच्या तालमीच्या गटावर सकाळपासून हाच विषय. बिनोदिनी आमच्या संहितेत आहेच, कारण थोड्या वर्षांनी ती बेंगॉल थिएटरमध्ये आली आणि तिनं ‘दुर्गेशनंदिनी’त काम केलं. पुढे १८८३मध्ये बीडन स्ट्रीटवर स्टार उभं राहिलं ते तिच्यामुळे. पैसा देणाऱ्या श्रीमंत तरुणाची अट तिनं पत्करली, आणि थिएटरला तिचं नाव देऊ असा शब्द तिला मिळाला होता. नोंदणीच्या वेळी नाव ‘स्टार’ लागलं. वेश्येच्या नावाच्या थिएटरात भद्र लोक येणार नाहीत, हा विचार त्यामागे होता. हातीबागानची वास्तू नंतरची, १८८८ची, बिनोदिनीनं रंगभूमी सोडल्यानंतर उभी राहिलेली. तरी नाव लागलं याचा आनंद आहे, आणि तो मी लपवत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, हेही तितकंच खरं.

८ जानेवारी २०२५

आजची तालीम फक्त कैदखान्याच्या प्रवेशाची. या प्रवेशावर अख्खं वाचन उभं आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

प्रवेश असा. जखमी जगतसिंह पठाणांच्या कैदेत आहे. कतलू खानाची मुलगी आयेशा हिनं त्याची शुश्रूषा करून त्याला वाचवलं आहे. तिलोत्तमा, म्हणजे दुर्गेशाची मुलगी, कादंबरीला जिचं नाव आहे ती, त्याला भेटायला कोठडीत येते. ती कतलू खानाच्या महालात राहिली आहे, म्हणून जगतसिंहाचं मन तिच्याविषयी कडवट झालं आहे. तो परक्या माणसासारखा विचारतो, ही वीरेंद्रसिंहाची मुलगी काय? तिलोत्तमा मूर्च्छा येऊन पडते. आयेशा येते, मग उस्मान येतो. उस्मानचं आयेशावर प्रेम आहे. एवढ्या रात्री तू कैद्याच्या कोठडीत कशी, असं तो टोचून विचारतो. तेव्हा आयेशा सरळ सांगते की हा कैदी माझा प्राणेश्वर आहे. वैऱ्याचा मुलगा, कैदी, दुसरीवर प्रेम करणारा. तिला हे सगळं ठाऊक आहे.

आता बिनोदिनीची आठवण. १९१२च्या ‘आमार कथा’त ती सांगते की गरज पडली की एकाच रात्री ती आयेशा आणि तिलोत्तमा दोन्ही करायची. ते जमायचं, कारण या दोघी समोरासमोर येतात त्या फक्त कैदखान्यात, आणि तिथे तिलोत्तमेला बोलायचं नसतं. जगतसिंहाच्या त्या प्रश्नावर तिनं फक्त कोसळायचं. म्हणून तिलोत्तमेचे कपडे घालून दुसरीच कोणी येऊन पडायची, आणि बिनोदिनी आयेशा होऊन आत यायची. तेव्हा ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची असेल.

हे आम्ही जसंच्या तसं करायचं ठरवलं. एकच वाचक दोन्ही भूमिका वाचेल. फरक आवाजाच्या पट्टीचा नाही, श्वासाचा. तिलोत्तमा वाक्याच्या शेवटी श्वास सोडते, आयेशा वाक्याच्या आधी घेते. कोसळायला विमला वाचणारी मावशी तयार झाली. ती साठीची आहे. ताई म्हणाल्या, “तुम्ही कोसळू नका मावशी, खाली बसा फक्त.” मावशी म्हणाली, “मी पडते, तू बघ.” आणि पडली. हॉलमध्ये क्षणभर सगळे दचकले.

माझं मत लिहून ठेवते. शीर्षकात तिलोत्तमा आहे, पण नाटक आयेशाचं आहे. तिलोत्तमेच्या वाट्याला प्रेम आणि मूर्च्छा येते, आयेशाच्या वाट्याला वाक्य येतं. ‘माझा’ म्हणण्याची परवानगी ती कोणाकडे मागत नाही. १८७३च्या थिएटरात भरजरी कपड्यांतला मुलगा हे वाक्य बोलला असता तर ती कविता झाली असती. ज्या बाईला घरंदाज लोक दारात उभं करत नाहीत, तिनं ते भर सभागृहात म्हटलं. ऐकणाऱ्यांत तिला रात्री ओळखणारे आणि सकाळी ओळख न दाखवणारेही असतील. कादंबरीचं नाटक झालं ते त्या क्षणी, असं माझं ठाम मत आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तालीम नाही. काकांनी तिळगूळ देताना पुन्हा विद्यादिग्गजाची आठवण काढली.

१९ जानेवारी

गोलापचा तुकडा आज लिहून झाला. हा मला सगळ्यात जड गेला.

आधी कायदा. १८६८च्या चौदाव्या कायद्यानं कलकत्त्यातल्या वेश्यांना पोलिसांत नोंदणी आणि सक्तीची शरीरतपासणी लावली. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त. बंगालीत ‘चौदा आइन’ म्हटलं की वस्तीत धाक बसायचा. नोंद नाही किंवा तपासणी चुकवली तर अटक. याच वस्त्यांतून थिएटरवाल्यांनी गाणाऱ्या मुली निवडल्या. थिएटर त्यांना सुटकेची वाट वाटली असेल. ती अर्धीमुर्धीच सुटका होती, तरी सरकारी दवाखान्याच्या रांगेपेक्षा तालमीचा हॉल कितीतरी बरा.

गोलाप बेंगॉल थिएटरमधून ग्रेट नॅशनल या दुसऱ्या थिएटरकडे गेली. उपेंद्रनाथ दासांच्या ‘शरत्-सरोजिनी’मध्ये तिनं सुकुमारी इतकी चांगली केली की लोक तिला त्याच नावानं ओळखू लागले. उपेंद्रनाथांनी पुढाकार घेऊन १८७२च्या विवाह कायद्याखाली तिचं लग्न नट गोष्ठविहारी दत्तांशी लावलं. शहरात गदारोळ झाला. काही काळानं नवरा विलायतेला निघून गेला. सुकुमारी दत्त मुलीला घेऊन मागे राहिली आणि पुन्हा रंगभूमीवर उभी राहिली. ‘अपूर्व सती’ हे नाटक तिच्या नावावर आहे, १८७५चं. एका वेश्येच्या मुलीची गोष्ट.

हा तुकडा मावशी वाचेल. तिला म्हटलं, रडू आणू नकोस. म्हणाली, “मला रडू येत नाहीये गं, राग येतोय.” तोच हवा आहे.

२६ जानेवारी

१८७६चा नाट्यप्रयोग कायदा. हा घ्यायचा की नाही यावर बराच वाद झाला. हा प्रकार ग्रेट नॅशनल थिएटरच्या नाटकांवरून झाला, ‘दुर्गेशनंदिनी’वरून नाही. प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या जनानखान्यात नेणाऱ्या वकिलाची टिंगल ‘गजदानंद ओ युवराज’मध्ये केली होती. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकनं फेब्रुवारी १८७६मध्ये वटहुकूम काढला. पाठोपाठ ‘सुरेंद्र-विनोदिनी’ अश्लील ठरवून उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांना पकडलं, शिक्षा झाली, हायकोर्टानं सोडलं. डिसेंबरात कायदाच झाला. नाटक बदनामीकारक, सरकारविरुद्ध अप्रीती निर्माण करणारं किंवा नीतिभ्रष्ट करणारं वाटलं तर सरकारनं ते बंद करावं.

मी घ्यायच्या बाजूची होते, आणि घेतलं. ऐतिहासिक कादंबरीला यानंतर वेगळं वजन आलं. आजच्या साहेबावर बोलायला बंदी असेल तर तीनशे वर्षांपूर्वीच्या मुघल-पठाणांवर बोलायचं, प्रेक्षक आपोआप समजतो. १८८३मध्ये नॅशनल थिएटरनं ‘आनंदमठ’ रंगमंचावर आणलं ते या कायद्याच्या छायेतच. आणि आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये बंदी आली तीही याच कायद्यानं. कीचक म्हणजे कर्झन हे तेव्हा शाळकरी पोरालाही कळत होतं. पुण्यात हे नाव घेतलं की प्रेक्षक सरसावून बसेल.

एक धोका मात्र राहतोच. पठाण म्हणजे शत्रू, मुसलमान म्हणजे शत्रू, अशा सोप्या वाटेनं हे ऐकलं जाऊ शकतं. ‘दुर्गेशनंदिनी’ तशी नाही. तिच्यातला उस्मान शूर आणि सभ्य आहे, आणि सगळ्यात उंच माणूस आयेशा आहे. जगतसिंहही मुघलांच्या बाजूनंच लढतो आहे. हे आम्ही सांगणार नाही, प्रवेशांतून दिसलं पाहिजे. त्यासाठी उस्मानची दोन काढलेली वाक्यं परत घातली.

२ फेब्रुवारी

रंगीत तालीम. एक तास बेचाळीस मिनिटं. कापाकापी. द्वंद्व निम्मं केलं. पखवाजाचा ठेका फारच चांगला बसला आहे, सूत्रधाराला त्यावर घाई होते. प्रकाश पिवळा नको, त्या काळी विजेचे दिवे नव्हते म्हणून सगळं पिवळं करण्याची गरज नाही.

९ फेब्रुवारी

पहिलं वाचन झालं. सभागृह भरलं होतं, मागे काही जण उभे होते.

कर्नल डफिनच्या वाक्यांना हुंकार आला. मावशी कोसळली तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी अर्धी उठली. आयेशाच्या वाक्यानंतर टाळ्या आल्या नाहीत, आणि त्याचं मला बरं वाटलं. विमलेच्या कट्यारीला मात्र आल्या, आणि तिथे त्या योग्यच होत्या.

नंतर चर्चेत एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. म्हणाले, “बालगंधर्वांचं मोठेपण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या काळी बायका का नव्हत्या, हे आम्ही कधी विचारलंच नाही.” दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, “या चौघींचे फोटो आहेत का?” ताईंनी मला उत्तर द्यायला सांगितलं. मी म्हटलं, आम्ही या वाचनात कोणाचंच छायाचित्र वापरलेलं नाही, शरच्चंद्रांचंही नाही. आवाजावरच त्यांना उभं करायचं होतं.

१२ फेब्रुवारी

पुढचं वाचन मार्चमध्ये कोल्हापूरला. बदल ठरले. द्वंद्व पूर्ण काढायचं, दोन पुरुष तलवारीनं काय सांगतात ते कैदखान्यात आधीच सांगून झालेलं असतं. वाचलेली मिनिटं विमलेला द्यायची, कारण नवऱ्याचं नाव ती पहिल्यांदा उघडपणे घेते ती पत्राची जागा आत्ता घाईत जाते. आयेशा वाचणाऱ्या मुलीची मार्चमध्ये परीक्षा आहे, त्यामुळे दुसरी वाचक शोधावी लागेल. दोन्ही भूमिका एकीनंच वाचायच्या यावर तडजोड नाही. काकांनी विद्यादिग्गजासाठी चार मिनिटं मागितली होती, ताईंनी दोन कबूल केली. मी ती आता लिहायला घेते आहे.